राजीच्या हातातला त्रिशूळ

पहाटे ५.३०

वसमतमध्ये बसून गेमचं परीक्षण लिहायचं तर ही वेळ सगळ्यात चांगली. मार्चच्या दुपारी पत्र्याखाली लॅपटॉप तापतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. आत्ता गारवा आहे, घर झोपलेलं आहे, हेडफोन लावला की संगीतातला बारीकसा टणत्कारही ऐकू येतो. हळदीचा हंगाम आहे. शेतांवर हळद शिजवायचे कुकर अंधारातच पेटतात आणि वारं इकडचं असलं की तो वास खिडकीतून आत येतो.

समोर आहे 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा हा गेम. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करण्याचा प्रयत्न झाला होता, तो फसला. तरी अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड या संस्थापकांनी काम सोडलं नाही. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्तम गेमसाठी राजीला नामांकन मिळालं. पारितोषिक 'फॅस्मोफोबिया'ला गेलं, पण पुण्यातल्या गेमचं नाव त्या व्यासपीठावर घेतलं गेलं.

इतक्या वर्षांनी परीक्षण कशासाठी? आता 'राजी: कलियुग' हा पुढचा भाग जाहीर झाला आहे. शिवाय आपल्याकडे पोरांच्या हातात जुने, सेकंडहँड लॅपटॉप आता येऊ लागलेत आणि त्यांना काय खेळायला द्यावं हे पालक विचारतात. एकदा शेवटपर्यंत खेळून झालंय. आज वही शेजारी घेऊन पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी ७

चहा झाला. पहिला टप्पा मागे पडला आणि वहीत पहिली ओळ लिहिली: नायिका योग्य निवडली आहे.

राजी राजकन्या नाही, वरदान घेऊन जन्मलेली नाही. ती कसरती करून पोट भरणारी मुलगी आहे. राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षस येतात, गावातली मुलं पळवून नेतात, त्यात तिचा धाकटा भाऊ गोलूही जातो. महाबलासुर हा त्या राक्षसांचा धनी. दुर्गा राजीला त्रिशूळ देते आणि ती भावाच्या मागे निघते.

आमच्या बाजारात डोंबाऱ्याचा खेळ मी लहानपणापासून पाहिला आहे. बाप ढोलकं वाजवतो, आठ-दहा वर्षांची मुलगी आडवी काठी धरून दोरीवरून चालते, लोक नाणी टाकतात आणि तिचं नावही न विचारता निघून जातात. देवीचं शस्त्र अशा मुलीच्या हाती द्यायचं सुचणं, ही या गेममधली सगळ्यात मोठी गोष्ट मला वाटते. आणि ती नुसती कथेत राहत नाही, बोटांना जाणवते. राजी खांबाला धरून गरकन फिरते आणि त्याच वेगात त्रिशूळ मारते. भिंतीवर दोन पावलं धावत जाऊन उलटी उडी घेते आणि राक्षसाच्या डोक्यावर उतरते. या चाली तालमीतल्या नाहीत, दोरीवरच्या आहेत. तिच्याकडे ताकद कमी आणि तोल जास्त. खेळणाऱ्यालाही तसंच खेळावं लागतं. नुसता बटणांचा मारा केला की तो मरतो.

सकाळी ९.३०

आता सावकाश. लढाईच्या मधल्या जागेत भिंतीवर चित्रं येतात. थांबलं की दुर्गा किंवा विष्णू त्या चित्राची कथा सांगतात. चित्रांची धाटणी पहाडी लघुचित्रांसारखी, इमारती राजस्थानी किल्ल्यांसारख्या. गोष्ट पुढे नेणारे प्रसंग छायाबाहुल्यांसारखे दाखवले आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी आजवर जपली आहे. ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना दिव्यापुढे सरकणाऱ्या या आकृत्या परक्या वाटणार नाहीत.

घाईत खेळणारे या भिंती ओलांडून जातात. मी त्यांना मुद्दाम थांबायला सांगणार आहे, कारण महिषासुराची कथा इथे शोभेपुरती लावलेली नाही. देवीमाहात्म्यात महिषासुराशी लढायला निघालेल्या देवीला प्रत्येक देव आपलं काहीतरी देतो. शिव शूल देतो, विष्णू चक्र, वायू धनुष्य. देवी सगळ्यांनी दिलेल्या शस्त्रांनी लढते. गेममध्ये तीच देवी आपला त्रिशूळ एका गरीब मुलीला देते, पुढे विष्णूचं शार्ङ्ग धनुष्य तिच्या हाती येतं. म्हणजे देण्याची ती रीत एक पायरी खाली, माणसापर्यंत आणली आहे. तुळजापूरच्या महिषासुरमर्दिनीपुढे नवरात्रात उभ्या राहणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

शस्त्रांना शक्ती जोडायची सोयही चांगली आहे. त्रिशूळाला वीज जोडली की एकाला मारलेला घाव शेजारच्यालाही लागतो. शक्तीची वाटणी हवी तेव्हा बदलता येते, त्यामुळे नवखा खेळाडू अडकून पडत नाही.

सकाळी ११.३०

भाऊंचा डबा घेऊन मोंढ्यात. आमचे वडील, त्यांना घरात सगळे भाऊ म्हणतात. आज हळदीची आवक मोठी. ढिगांमधून वाट काढत जावं लागतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरचे लोक गावाचं नाव जरा नीट घेतात.

भाऊंच्या शेजारच्या अडत्यांनी विचारलं, "काय चाललंय ताई सध्या?"

"देवादिकांच्या गेमवर लिहायलेय, काका."

"खंडोबाचा हाय का?"

नाही म्हणाले. पण तो प्रश्न परत येताना डोक्यात घोळत राहिला. जी हळद इथे पोत्यांत भरली जाते, तीच जेजुरीला आणि माळेगावच्या यात्रेत भंडारा म्हणून उधळली जाते. खंडोबाच्या कथेत मणी आणि मल्ल हे दोन दैत्य. मणी हरल्यावर शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवाजवळच जागा मागतो. ती त्याला मिळते. दैत्याला हरवायचं आणि मग आपल्याच देवळात बसवायचं! असा शेवट असलेली बॉसशी लढाई मी अजून कुठल्या गेममध्ये खेळलेली नाही.

इथेच राजीचं उणं सापडलं. तिच्यातले राक्षस दिसायला भारी आहेत, पण त्यांना गोष्ट नाही. ते येतात, मरतात, पुढचे येतात. आपल्या पुराणांत असुर असा फुकट मरत नाही. त्यानं तप केलेलं असतं, वर मागितलेला असतो, कुणाच्या तरी शापानं तो तसा झालेला असतो. चिनी कादंबरी 'पश्चिमेची यात्रा' हिच्यावरचा 'ब्लॅक मिथ: वुकाँग' २० ऑगस्ट २०२४ ला आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. त्याच्या ग्राफिक्सबद्दल सगळे बोलतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटली: हरवलेल्या प्रत्येक शत्रूचं चित्र आणि त्याची कहाणी तुमच्या वहीत जमा होते. मारल्यावर तो कोण होता ते कळतं, आणि कधीकधी वाईट वाटतं.

दुपारी १

वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी संध्याकाळसाठी राखायची, म्हणून कागदावर लिहिणं.

देव गेममध्ये आणावा की नाही, हा जुना वाद. २००९ मध्ये हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजनं प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' काढला. आपल्या देशात तयार झालेला तो पहिला प्लेस्टेशन गेम. आक्षेप लगेच आले: हनुमानाला कंट्रोलरच्या बटणांवर नाचवायचं, पाडायचं, हरवायचं? ज्याची पूजा करतो तो आपल्या बोटाच्या चुकीनं मरतो, हे भाविकाला खुपणारच. ती भावना मी हलकी मानत नाही.

राजीनं यातून चांगली वाट काढली आहे. दुर्गा आणि विष्णू वरून पाहतात, आपसात बोलतात, मुलीची काळजी करतात. लढते आणि पडते ती माणसाची मुलगी. वुकाँगनंही हेच केलं आहे, तिथेही खेळाडू खुद्द वानरराजा नसतो, त्याच्या वाटेनं निघालेला दुसराच कुणीतरी असतो. भारतात पुढे जे कुणी पुराणावर गेम करतील त्यांनी ही रचना नीट अभ्यासावी.

दुपारी ३.३०

वीज आली आणि पुतण्याही शाळेतून आला. सातवीत आहे. फोनवर फ्री फायर खेळून त्याचे अंगठे तयार झालेत. मी कंट्रोलर त्याच्या हाती दिला आणि गप्प बसले. परीक्षणाचा हा भाग माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण हा गेम कुणासाठी हे यातूनच कळतं.

"आत्या, हिला बंदूक न्हाई का?"

"त्रिशूळ आहे की."

"ही देवी हाय का मग?"

"नाही रे. देवी वरून बोलायली बघ."

थोडा वेळ तो फोनसारखाच खेळला, पुढे पळायचं आणि मारायचं. मेला. पुन्हा मेला. मग खांबाला धरून फिरता येतं हे त्याचं त्यालाच सापडलं आणि तो ओरडला, "आत्या, ही भिंतीवर पळायली!" तिथून पुढे त्यानं मान वर केली नाही.

पण तक्रारीही त्यानंच नेमक्या सांगितल्या. कॅमेरा गेम ठरवेल तिथेच राहतो, आपल्याला फिरवता येत नाही. दूरच्या कड्यावर उडी मारायची तेव्हा राजी एवढीशी होते. "मला दिसंना झालंय कुठं उडी मारायची ते," असं म्हणून तो खाली पडत राहिला. लढाईत चार-पाच जण एकदम अंगावर आले की मारल्याचा आणि लागल्याचा हिशेब लागत नाही. मलाही हेच जाणवलं होतं. 'गॉड ऑफ वॉर'मध्ये घाव बसल्याचं वजन हाताला कळतं. इथे चाल देखणी आहे, वजन कमी पडतं.

भाषा मी हिंदी लावली होती. २०२२ च्या एनहान्स्ड एडिशनमध्ये हिंदी आवाज आला आणि गेमचा जीव बदलला. इंग्रजीत दुर्गा-विष्णूंचं बोलणं कानाला उपरं वाटत होतं. हिंदीत पुतण्या भिंतीपुढे आपणहून थांबला आणि त्यानं गोष्ट ऐकली. हेच मराठीत असतं तर आमच्या आईनंही शेजारी बसून ऐकलं असतं. स्टुडिओ पुण्याचा आहे, म्हणून ही मागणी हक्कानं करते: कलियुगात मराठी आवाज द्या.

संध्याकाळी ६

पुतण्या क्लासला गेला. मी कोड्यांवर आले. गोल चित्राचे तुकडे फिरवत जुळवायचे, आणि जुळले की राजी-गोलूची एखादी आठवण उघडते. कोडी सोपी आहेत, पण लढाईनंतर श्वास घ्यायला बरी. लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकारानं दिलेलं संगीत इथे नीट ऐकू येतं. तो ग्रीक आहे हे आधी माहीत नसेल तर ओळखू येणार नाही.

फिरणाऱ्या दगडांचं म्हणाल तर आमच्याजवळच औंढा नागनाथ आहे. नामदेवांना देवळापुढे कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, असं इथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. नंदी मागे राहिला, तो आजही मागेच दाखवतात. खालच्या भिंतीवर यादवकाळातलं कोरीवकाम, वरचं बांधकाम नंतरचं, गाभारा खाली तळघरात. वाकून उतरावं लागतं. एवढा तयार नकाशा कुठल्या गेम डिझायनरला मिळणार? वुकाँगच्या लोकांनी शान्शी प्रांतातली जुनी देवळं यंत्रानं मोजून जशीच्या तशी गेममध्ये उतरवली, आणि ती पाहायला लोकांची रीघ लागली. औंढ्याच्या भिंतींचं असं मोजमाप नांदेडच्या, संभाजीनगरच्या तरुणांनी करावं, असं मला फार वाटतं.

रात्री ९

जेवणं उरकली. शेवटचा टप्पा पुन्हा खेळून घेतला, कारण शेवटाबद्दल लिहिताना आठवणीवर विसंबायचं नसतं. गोष्ट अर्ध्यात तुटते. भाऊ मिळणार का, याचं उत्तर हातात येण्याआधी पडदा पडतो. पाच-सहा तासांचा गेम आहे, तो लहान असण्याला माझी हरकत नाही. पण ज्या मुलीबरोबर आपण इतके पडलो-उठलो, तिचा निरोप नीट व्हायला हवा होता. पुढचा भाग आलाच नसता तर हे मोठं अन्यायाचं ठरलं असतं.

आता टायपिंग. दिवसभराच्या नोंदींतून काय ठेवायचं ते ठरलेलं आहे: नायिका, शस्त्राची परंपरा, भिंतीवरची चित्रं हे जमेला, कॅमेरा, लढाईतलं हलकेपण, बिनगोष्टीचे राक्षस आणि तुटलेला शेवट खर्चाला.

रात्री ११.३०

परीक्षण पाठवलं. त्यातला निकाल इथेही देते. राजी घ्यावा. पहिल्यांदाच कंट्रोलर हातात धरणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलापासून पुढे कुणालाही चालेल. रक्तपात अंगावर येणारा नाही. हिंदी आवाज लावूनच खेळा. आणि मुलांना तो एकट्यानं खेळायला देऊ नका. शेजारी बसा, भिंतीवरचं चित्र आलं की त्यांना थांबवा, आणि दुर्गेचं बोलणं संपल्यावर तुम्हाला ठाऊक असलेली कथा तुमच्या तोंडून सांगा.