आज्ञावली-भांडाराची स्थानिक प्रतिकृती
मुक्त संगणक-आज्ञावलींच्या मूळ भांडाराची जवळच्या सेवासंगणकावर ठेवलेली व नियमितपणे अद्ययावत केली जाणारी नक्कल. तिला ‘मिरर’ असेही म्हणतात. जळगाव येथील विद्यापीठाशी (स्थापना १९९०) संलग्न अशा धुळ्याच्या एखाद्या महाविद्यालयात ४० संगणक असून प्रत्येकास ५०० मेगाबाइटच्या दुरुस्त्या हव्या असल्यास बाहेरून २०,००० मेगाबाइट माहिती आणावी लागते. प्रतिकृतीमुळे ती एकदाच आणून अंतर्गत जालातून वाटता येते. डेबियनसारख्या (१९९३) प्रणालीचे संपूर्ण भांडार फार मोठे असल्याने आवश्यक तेवढीच आवृत्ती निवडतात. आरसिंक (१९९६) ही आज्ञावली केवळ बदललेला भाग आणते. प्रथम नवे संच, मग सूची व शेवटी जुने संच काढणे, हा क्रम पाळावा लागतो. अन्यथा सूचीत नोंदलेला संच भांडारात सापडत नाही. सूचीवरील मूळ निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी प्रत्येक संगणक पडताळतो. त्यामुळे नकलेतील फेरफार उघडकीस येतो. तथापि अद्ययावतीकरण खंडित झाल्यास स्वाक्षरी बिनचूक असूनही सुरक्षा-दुरुस्त्या पोहोचत नाहीत व सर्वच संगणक एकदम असुरक्षित होतात. म्हणून अखेरच्या अद्ययावतीकरणाची वेळ तपासत राहणे अत्यावश्यक असते. संगणक थोडे असल्यास मागणीनुसार संच साठविणारा मध्यस्थ सेवासंगणक पुरेसा होतो.