आडवी बाटली: घरी राहिलेलं मत कुणाला जातं?

हातभट्टी बेकायदाच, तिच्यासाठी मतदान लागत नाही. परवान्याचं दारू दुकान बंद करायचं तर यादीतल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज लागतो. सह्या तपासल्या जातात, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

खरी मेख पुढंच आहे. निम्म्याहून जास्त मतं हवीत, ती आलेल्या बायकांच्या नव्हे, यादीतल्या सगळ्या बायकांच्या. समजा यादीत 800 नावं आहेत. 500 जणी आल्या, 390 जणींनी आडवी केली, तरी हरलो! 401 हव्यात. घरी बसलेली उभ्या बाटलीलाच बळ देते, ऊसतोडीला गेलेलीसुद्धा. तेव्हा यादी आजच मिळवा, गल्लीवार नावं वाटून घ्या, बाहेरगावच्यांना आधी फोन लावा.