बॉनमधील हाउसडॉर्फ मार्ग

बॉनला येणारा पर्यटक बहुधा बेथोव्हेनचं जन्मघर पाहून परततो. शहराच्या दक्षिणेकडच्या हाउसडॉर्फ मार्गावर फारसं कुणी जात नाही. आपल्याकडे एम.एस्सी.ला टोपॉलॉजी शिकलेल्यांना मात्र ‘हाउसडॉर्फ स्पेस’ चांगलीच माहीत असते. कोणतेही दोन वेगळे बिंदू घ्या, दोघांभोवती एकमेकांना न छेदणारे परिसर आखता आले पाहिजेत, ही तिची अट. हे नाव ज्यांचं, ते फेलिक्स हाउसडॉर्फ याच रस्त्यावर ६१ क्रमांकाच्या घरात राहत.

१८६८ मध्ये ब्रेस्लाऊला एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेले हाउसडॉर्फ लाइपझिगमध्ये वाढले, शिकले. पॉल मोंग्रे या टोपणनावाने त्यांनी कविता, तत्त्वचिंतन आणि एक गाजलेलं नाटकही लिहिलं. १९०१ मध्ये त्यांनी लाइपझिगला संच सिद्धांत शिकवायला घेतला तेव्हा समोर तीन विद्यार्थी होते. १९१० मध्ये ते बॉनला आले, मधली काही वर्षं ग्राइफ्सवाल्डला काढून १९२१ मध्ये परतले. १९१४ चा त्यांचा संच सिद्धांतावरील ग्रंथ या सिद्धांताचे जनक गेऑर्ग कँटर यांना अर्पण केलेला आहे. आधुनिक टोपॉलॉजीचा पाया घालणारं पुस्तक म्हणून माझ्या मते याचंच नाव आधी घ्यावं लागेल. अपूर्णांकातही मिती असू शकते, हा पुढे फ्रॅक्टल भूमितीचा आधार ठरलेला विचारही त्यांचाच.

१९३५ मध्ये ते निवृत्त झाले. चाळीस वर्षांच्या अध्यापनाबद्दल नाझी सरकारी यंत्रणेकडून आभाराचा शब्दही आला नाही. जर्मनीत त्यांचे लेख छापले जाणं बंद झालं, तरी घरात लेखन सुरूच होतं. ज्यूंना ग्रंथालयाची दारं मिटली होती. अशा काळातही सहकारी एरिश बेसेल-हागेन त्यांच्या घरी जात आणि पुस्तकं पोहोचवत. १९३९ मध्ये अमेरिकेत जाण्याची त्यांची धडपड फसली.

जवळच्या एंडेनिश भागातला एक मठ नाझींनी ताब्यात घेऊन तिथे बॉनच्या ज्यूंना डांबलं होतं. १९४२ च्या जानेवारीत हाउसडॉर्फ कुटुंबालाही तिथे हलण्याचा हुकूम आला. तिथून पुढे कुठे नेतील, याची त्यांना कल्पना होती. २५ जानेवारीला त्यांनी वकील मित्र हान्स वोलश्टाइन यांना निरोपाचं पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी, २६ जानेवारीला, फेलिक्स, पत्नी शार्लोट आणि मेहुणी एडिथ या तिघांनी जीवन संपवलं. त्यांना कुणी मारलं, याचं उत्तर मला तरी त्या हुकमातच दिसतं.

त्यांची हस्तलिखितं इजिप्तविद्येचे अभ्यासक हान्स बॉनेट यांनी सांभाळली. सुमारे २६,००० पानांचा तो ठेवा आज बॉन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. एंडेनिशर आले या रस्त्यावर विद्यापीठाचं हाउसडॉर्फ गणित केंद्र उभं आहे. कलोनहून रेल्वेने बॉन अर्ध्या तासावर. बेथोव्हेनचं घर पाहून झालं की पॉपेल्सडॉर्फच्या दफनभूमीत जरूर जा. हाउसडॉर्फ तिथे विसावले आहेत.