प्रवाळाचा फोटो निळाच का येतो? आणि झळकणारे प्रवाळ खरेच निरोगी असते का?

पुसदपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी जवळपास पाचशे किलोमीटर दूर आहे. तरीही आरओचे पाणी, त्यात विरघळवायचे तयार समुद्री मीठ, एलईडी दिवे आणि पंप एवढी जुळवाजुळव केली, तर पुसदच्या एखाद्या घरातही खाऱ्या पाण्याची टाकी चालू शकते. टाकीतले प्रवाळ डोळ्यांना हिरवे, नारिंगी, गुलाबी दिसते. मोबाइलने फोटो काढला की मात्र सगळे निळे-जांभळे होऊन जाते. दोष मोबाइलचा वाटतो, पण खरे कारण टाकीवरच्या प्रकाशात आहे.

फोटो निळा का येतो?

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते आणि ते प्रकाशापासून अन्न तयार करून प्रवाळाला पुरवते. समुद्रात खोलवर मुख्यतः निळा प्रकाश पोहोचतो, म्हणून टाकीवरचे दिवेही निळ्याकडे झुकणारे असतात. त्यांच्या प्रकाशाचा मोठा भाग ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो.

प्रवाळातील काही प्रथिने हा निळा प्रकाश शोषतात आणि हिरवा, नारिंगी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. डोळा आणि मेंदू निळ्या उजेडाला सरावतात, त्यामुळे हे रंग वेगळे दिसतात. मोबाइलचा ऑटो व्हाइट बॅलन्स मात्र ऊन, सावली, घरातले दिवे अशा नेहमीच्या उजेडासाठी बनलेला असतो. इतका निळा प्रकाश त्याच्या आवाक्याबाहेर जातो आणि बाकीचे रंग निळ्याखाली दबतात.

मग फोटो कसा काढायचा?

* फिल्टर लावावा. लेन्ससमोर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर धरला की जास्तीचा निळा प्रकाश अडतो आणि प्रतिदीप्तीचे रंग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतात.
* एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे. निळा रंग एकदा मर्यादेबाहेर गेला की त्या भागातले बारकावे नंतर परत मिळत नाहीत. सोय असेल तर रॉ फाइल घ्यावी, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येतात.
* काचेसमोर सरळ उभे राहावे. तिरका फोटो काढला तर काच आणि पाणी यांतून प्रकाश वाकतो, कडा अस्पष्ट होतात आणि रंग फाटतात. काच आतून-बाहेरून पुसून घ्यावी.
* फ्लॅश आणि खोलीतले दिवे बंद ठेवावेत. दोन्हींचे प्रतिबिंब काचेवर येते. गडद रंगाचा शर्ट घातला तर फोटो काढणाऱ्याचे प्रतिबिंबही कमी दिसते.
* पंप थोडा वेळ थांबवावा. पाणी स्थिर झाले की प्रवाळाची हालचाल थांबते. पाच-दहा मिनिटे पुरेशी आहेत. पंप पुन्हा सुरू करायला विसरल्यास पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो.
* फोटोत आडवे पट्टे आल्यास शटरचा वेग कमी करून पाहावा. अनेक एलईडी दिवे मंद केल्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगाने लुकलुकतात.

सुंदर फोटो फसवू कसा शकतो?

विदर्भात मे महिन्यात पारा सहज ४० अंशांपुढे जातो. टाकीतले पाणी साधारण २५ ते २७ अंशांवर ठेवावे लागते. वीज गेली, चिलर बंद पडला आणि पाणी तापत राहिले, तर प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकते. दगडी प्रवाळाची त्वचा मग पारदर्शक होते आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. हेच ब्लीचिंग.

पण प्रत्येक वेळी प्रवाळ पांढरेच पडते असे नाही. शैवाल गेल्यावर पांढऱ्या सांगाड्यावरून परावर्तित होणारा प्रकाश पेशींमध्ये वाढतो आणि त्याला प्रतिसाद म्हणून काही प्रवाळे जास्त रंगद्रव्य बनवतात. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ही प्रक्रिया उलगडून दाखवली. हे रंग प्रवाळासाठी सनस्क्रीनसारखे काम करतात आणि शैवाल परतण्यास मदत करतात. पाहणाऱ्याला मात्र ते प्रवाळ पूर्वीपेक्षा जास्त देखणे दिसते. निळ्या दिव्याखाली काढलेला सर्वांत झगमगीत फोटो त्यामुळे संकटातल्या प्रवाळाचाही असू शकतो.

यावर उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा दिवे पांढऱ्या प्रकाशावर आणून, त्याच जागेवरून, त्याच सेटिंगने एक साधा फोटो काढावा. प्रवाळाला स्पर्श न करता शेजारी पांढरा प्लास्टिकचा चमचा धरावा, म्हणजे दोन फोटोंतील रंगांची तुलना करता येते. शैवालाचा तपकिरी रंग आठवड्यागणिक फिका होत असेल, तर तापमान आणि पाणी लगेच तपासावे.

प्रवाळ घरी ठेवता येते का?

हा प्रश्न फोटोच्याही आधीचा आहे. दगडी प्रवाळे, समुद्रपंखे, काळे प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. समुद्रातून ती काढणे आणि विकणे गुन्हा आहे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळ वसाहती हलवतानाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती. दुकानात झोअँथिड, मशरूम अशा नावांनी मिळणारे मऊ जीव दगडी प्रवाळांत मोडत नाहीत. तरीही खरेदीपूर्वी जातीचे नेमके नाव विचारावे, पक्के बिल घ्यावे आणि शंका असल्यास आधी वन विभागाकडे चौकशी करावी.

दगडी प्रवाळाचाच फोटो हवा असेल, तर मालवण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि तिथे स्नॉर्केलिंग करताना प्रवाळ पाहता येते. नियम घरच्या टाकीसारखाच आहे: हात लावायचा नाही, पाय ठेवायचा नाही, फक्त फोटो काढायचा.