एका थैलीवर उभा राहिलेला क्लब

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर, इंग्लंडला लागून, ग्रेटना नावाचे एक गाव आहे. लोकवस्ती जेमतेम तीन हजार. तेथे १९४६ साली एक फुटबॉल क्लब स्थापन झाला. बरीच वर्षे तो सीमेपलीकडे इंग्लंडच्या कनिष्ठ स्पर्धांत खेळला आणि २००२ साली त्याला स्कॉटिश लीगच्या सर्वांत खालच्या श्रेणीत प्रवेश मिळाला.

अशा लहान क्लबाचा संसार कसा चालतो, हे प्रथम पाहू. तिकिटांचे पैसे, मैदानावरील चहा-फराळाची विक्री आणि कुंपणावरील फलकांसाठी गावच्या दुकानदारांनी दिलेले जाहिरातींचे पैसे, एवढीच मुख्य मिळकत. दूरचित्रवाणीचा पैसा वरच्या श्रेणींकडे वाहतो. खाली त्याचे चार थेंब पोचतात. खर्चात मोठा वाटा खेळाडूंच्या पगाराचा असतो, आणि प्रेक्षक घटले म्हणून तो घटत नाही. वर चढावयाचे तर चांगले खेळाडू हवेत, आणि ते तर मिळकतीत बसत नाहीत. ही तूट पदरमोड करून भरणारा धनिक भेटला, की क्लबाला पंख फुटतात.

ग्रेटनाला असा आश्रयदाता भेटला. ब्रूक्स माइलसन हे इंग्लंडमधील एक सधन व्यावसायिक. त्यांच्या पैशावर क्लबाने २००५, २००६ व २००७ अशा लागोपाठ तीन वर्षांत तीन श्रेणी जिंकल्या. २००६ साली तर तिसऱ्या श्रेणीत असतानाच तो स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात जाऊन पोचला! हार्ट्ससारख्या जुन्या, नामांकित संघाशी त्याने १-१ अशी बरोबरी केली व केवळ पेनल्टींवर तो हरला.

परंतु संघ वाढला तरी गाव तेवढेच राहिले. सर्वोच्च श्रेणीच्या नियमांत गावचे रेडेल पार्क मैदान बसेना. म्हणून 'घरचे' सामने शंभराहून अधिक किलोमीटर दूर मदरवेल येथे खेळावे लागले. एप्रिल २००८ मधील एका सामन्यास अवघे ४३१ प्रेक्षक होते. त्यापूर्वीच, फेब्रुवारीत, माइलसन आजारी पडले व पैशाचा ओघ थांबला. मार्चमध्ये कारभार प्रशासकाकडे गेला, दहा गुण कापले गेले, आणि ऑगस्टपर्यंत क्लब बुडाला. नोव्हेंबरात माइलसनही वारले.

त्यांना कोणी लबाड म्हणू नये. ते उदार होते. इतर लहान संघांच्या चाहत्यांनाही त्यांनी साह्य केले. अडचण अशी, की क्लबाचा खर्च गावाच्या ऐपतीवर न बेतता एका माणसाच्या थैलीवर बेतला गेला. तो माणूस अंथरुणास खिळला, तेव्हा पगाराचा दिवस काही पुढे ढकलता आला नाही. मालक व्यक्ती नसून कंपनी असली, तरी फार अंतर पडत नाही. राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड संघ २०१० साली कंपनीच्या निर्णयाने विसर्जित झालाच.

विशेष म्हणजे २००६ चा तो चषक जिंकणारे हार्ट्सही त्या वेळी एका परदेशी धनिकाच्याच हाती होते, आणि २०१३ साली तेही प्रशासकाच्या स्वाधीन झाले. मात्र त्यांच्यापाशी मोठ्या शहराचा आधार होता. हजारो चाहत्यांनी दरमहा वर्गणी भरली आणि २०२१ साली बहुतांश मालकी चाहत्यांच्या संस्थेकडे आली.

ग्रेटनाच्या चाहत्यांनीही २००८ सालीच नवा क्लब काढला. तो पुन्हा कनिष्ठ स्पर्धांतून खेळू लागला आणि काही वर्षांनी आपल्या गावच्या रेडेल पार्कवर परतला.