ढगांखालचा सडा

कोल्हापूरच्या अंबाबाईचं मंदिर ज्या काळ्या दगडात उभं आहे तो दगड आणि हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर आजही उसळणारा लाव्हा, या दोहोंचं मूळ एकच असावं असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकताना पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्रोतावरून गेला. भेगांमधून थरांवर थर लाव्हा पसरला आणि दख्खन घडलं. आपण पुढे निघून आलो. स्रोत मागे राहिला, त्याच्यावर पुढे रियुनियन उभं राहिलं.

तिथल्या पितों द ला फुर्नेझ या ज्वालामुखीवर उपग्रहांची सतत नजर असते. एप्रिल २००७ च्या उद्रेकात त्याचं मुख्य विवर शेकडो मीटर खचलं आणि पूर्वेकडचा उतार समुद्राच्या दिशेने मीटरभराहून अधिक सरकला. हे सरकणं रडार उपग्रहांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून मोजता आलं. अंदमानातल्या निर्मनुष्य बॅरन बेटावरचा ज्वालामुखी दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये जागा झाला, तेव्हा त्याची धग रात्री अवरक्त किरणांत टिपलेल्या उपग्रहचित्रांत उमटली. जळती बेटं उपग्रहाला अशी नीट दिसतात. थंड झालेल्या आपल्या लाव्ह्यावर जे बदल चालले आहेत, ते मात्र सहज दिसत नाहीत, आणि मला खरी काळजी त्यांची आहे.

पन्हाळ्याजवळचं मसाई पठार घ्या. इथला बसाल्ट लाखो वर्षांच्या ऊन-पावसात झिजून, विरघळून त्याचा जांभा झाला. माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. एप्रिलमध्ये उभं राहिलं तर तापलेल्या तांबूस खडकाशिवाय काही दिसत नाही. पण जुलैत पन्हाळा ते पावनखिंड वाट तुडवणाऱ्यांना विचारा. पाणी साचलेल्या खळग्यांभोवती हिरवळ फुटलेली असते. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात कोल्हापूर-साताऱ्याच्या सड्यांवर, म्हणजे अशा जांभ्याच्या उघड्या पठारांवर, गेंद, सीतेची आसवं, किडे पकडून जगणारी दवबिंदू अशी वनस्पतींची दुनियाच उभी राहते. त्यांतल्या कितीतरी जाती पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाहीत. काही आठवड्यांत फुलून, बी टाकून त्या नाहीशा होतात.

हेच आठवडे नेमके ढगांचे. साध्या उपग्रहाचा कॅमेरा सूर्यप्रकाशावर चालतो, त्याला ढगापलीकडचं दिसत नाही. मग अभ्यासक स्वच्छ चित्रं निवडतात, आणि ती बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यातली असतात. त्या चित्रांत सडा म्हणजे उघडा खडक. केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतात, त्यात ओसाड खडकाळ जमीन असा वर्गच आहे. सडे पडीक समजले जातात याकडे अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासक अनेक वर्षं लक्ष वेधत आल्या आहेत. जमीन एकदा पडीक ठरली की तिच्यावर खाण, रस्ता, रिसॉर्ट काहीही सुचायला वेळ लागत नाही.

ढग नसते तरी अडचण होतीच. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त प्रकाश जोरात परतवतं. या दोहोंतल्या फरकावरून उपग्रह हिरवाई मोजतो. पाणी मात्र अवरक्त प्रकाश गिळून टाकतं. पाण्याच्या पातळ थरात उभी असलेली बोटभर उंचीची झाडं या मोजणीत आहेत त्यापेक्षा विरळ वाटतात.

रडार स्वतःच्या लहरी पाठवतं, त्या ढगांतून आरपार जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पसरलेलं पाणी भर पावसात नकाशावर आणता आलं ते रडारमुळेच. शांत पाण्यावर पडलेल्या लहरी पलीकडे निघून जातात, म्हणून पाणी काळं दिसतं. युरोपच्या सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास आहे. सड्यावर कुठे पाणी साचलं, खडक किती दिवस ओला राहिला, हे तिच्याकडून कळू शकतं. फूल आणि गवत मात्र तिला सारखंच. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या इस्रो-नासाच्या निसार उपग्रहात दोन रडारं आहेत. त्यातलं २४ सेंटिमीटर लहरीचं जंगलाच्या अभ्यासाला मोलाचं. सड्यासाठी मी दुसऱ्या, आखूड लहरीच्या भारतीय रडारावर जास्त आशा ठेवीन.

माझ्या मते खरी किल्ली आहे ती वर्षभराच्या नोंदींच्या रांगेत. २०१५ पासून सेंटिनेल-२ हे उपग्रह १० मीटरपर्यंतचे बारकावे दाखवतात, हल्ली दर पाच दिवसांनी. सप्टेंबर संपताना ढग फाटले की जिवंत सडा हिरवा सापडतो आणि बघता बघता पिवळा, मग तपकिरी होतो. शेजारचं सदाहरित जंगल तसंच राहतं. बॉक्साइटसाठी खरवडलेली जमीन बाराही महिने तांबडी. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडला असं खाणकाम झालेलं आहे. एप्रिलच्या चित्रात सडा आणि खाण यांची गल्लत होऊ शकते, ऑक्टोबरच्या चित्रात ती होणं कठीण.

आणखी एक धोका आकड्यांत लपतो. सड्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की हिरवाईचा आकडा वर्षभर चढा राहतो. कागदावर ती सुधारणा ठरते. जमिनीवर तिच्या सावलीत आणि पाल्याच्या थराखाली गेंद आणि दवबिंदू संपलेले असतात. म्हणून वाढलेल्या हिरवाईचा आकडा पाहिला की आधी तिथे काय होतं हे विचारायलाच हवं.

ते सांगणारी माणसं कोल्हापुरात आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा जिल्हा पायाखाली घातला आहे. डॉ. श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांचा जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ २००२ मध्ये निघाला. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं आता विनामूल्य मिळतात. कोणती वनस्पती कोणत्या सड्यावर मिळाली या नोंदी त्या चित्रांशेजारी मांडून, एकेका सड्याचा पावसाळ्यानंतरचा आलेख एखादा पदव्युत्तर विद्यार्थी विद्यापीठातल्या संगणकावर बसून काढू शकेल.