रोधमापनात उपकरणांचा वाटा

विभवांतरास प्रवाहाने भागिले म्हणजे रोध मिळतो व दोहोंचा गुणाकार केला म्हणजे शक्ति. ओहमचा १८२७ मधील नियम व जूलचे १८४१ मधील संशोधन यांवर आधारलेले हे गणित इतके सोपे आहे, की त्यात घातलेले आकडे नेमके कशाचे, हे विचारावयाचे राहून जाते.

समजा, १०,००० ओहम रोधाचा व्होल्टमापक थेट रोधकाच्या टोकांशी जोडला आहे. तो १०० व्होल्ट दाखवितो आणि अँपिअरमापक ०.११ अँपिअर. यावरून रोध ९०९ ओहम व शक्ति ११ वॉट येते. (नोंदवह्यांत अशी उत्तरे चार दशांशस्थळांपर्यंत दिलेली आढळतात.) दोन्ही चूक आहेत; कारण ०.०१ अँपिअर प्रवाह व्होल्टमापकातून जातो. तो वजा करता रोध १,००० ओहम व शक्ति १० वॉट ठरते. उरलेला १ वॉट व्होल्टमापकातच खर्ची पडतो. वाचने कितीही वेळा घेऊन सरासरी काढली तरी हा दोष जात नाही.

अँपिअरमापक व्होल्टमापकाच्या जोडणीच्या आत घेतला, तर दोष विभवांतरात शिरतो. अँपिअरमापकाचा रोध १ ओहम असल्यास १,००० ओहमांस १,००१ मिळतील, हे क्षम्य आहे. परंतु ५ ओहमांस ६ मिळतील! दोन्ही जोडण्यांतील दोष समान होतात तो रोध उपकरणांच्या रोधांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाइतका, येथे सुमारे १०० ओहम असतो. त्याहून मोठ्या रोधास दुसरी जोडणी घ्यावी, लहानास पहिली. आजच्या अंकीय व्होल्टमापकाचा रोध बहुधा १ कोटी ओहम असल्याने ही मर्यादा तीन हजारांपलीकडे सरकते, इतकेच.